गुरुवारचं घर

संशय हा माझा स्वभाव नाही, धंदा आहे. मी कुलपं बसवतो. लोकांना रात्री निवांत झोप लागावी म्हणून मी दिवसभर वाईट विचार करतो. इथून हात आत जाईल, इथे पटाशी लागेल, ह्या बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरून दिसतायत. ज्याला हे असले विचार सुचत नाहीत त्याने कुलपांच्या नादी लागू नये, फुलांचं दुकान टाकावं. बायको म्हणते, दुकानाचं शटर ओढलंस की हे डोकंही बंद करत जा. ती औषधांच्या दुकानात काम करते. तिच्याकडे येणारी माणसं आपण होऊन सगळं सांगतात, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं. माझ्याकडे येणारा माणूस किल्ली हरवली एवढंच सांगतो, आणि त्यातले निम्मे थापा मारत असतात.

आमच्या घराचं दार म्हणजे माझ्या दुकानाची जाहिरात. तीन आट्यांचं, म्हणजे किल्ली तीनदा फिरवावी लागणारं कुलूप, वर कडी, खाली बोल्ट, आणि डोळ्याच्या उंचीवर बाहेरचा माणूस बघायचं भिंग. दाराची आमची एक रीत आहे. घंटी वाजली की बोलणं बंद, टीव्ही बंद. चवड्यांवर दाराशी जायचं. भिंगाला डोळा लावायचा. बाहेर कोणी अनोळखी असेल तर दोन पावलं मागे यायचं आणि घरातल्यांना हळूच सांगायचं, "कोणी नाही." बाहेरचा कंटाळून गेला की कुलूप पुन्हा फिरवून घ्यायचं, मूठ ओढून बघायची, आणि मग ज्याने त्याने आपापल्या कामाला लागायचं. विकणारे, वर्गणीवाले, सर्वेक्षणवाले, देवाचा निरोप आणणारे, कुणालाही आमच्या घरात पाय टाकता आलेला नाही. खारूला ही रीत चालायला लागल्यापासून पाठ आहे. खारू म्हणजे माझी मुलगी. पाच वर्षांची आहे. जेवताना घास दोन्ही गालांत साठवून ठेवते म्हणून खारू.

तर एका संध्याकाळी ही खारू ताटासमोर बसली आणि घास घेण्याआधी दोन्ही तळहात वर करून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागली.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"एका घरी असं करतात," ती म्हणाली. "आज आम्ही त्या घरी गेलो होतो."

"कोणाच्या घरी? शाळेतून बाहेर नेलं होतं तुम्हाला?"

"नाही. शाळेतच गेलो होतो."

माझ्या मनात पाल चुकचुकली. शाळेतल्या शाळेत दुसऱ्याच्या घरी कसं जातात हे मी विचारणार, तेवढ्यात तिने तोंडात एवढा मोठा घास कोंबला की पुढचा सगळा वेळ ती नुसती चावत होती. बायको म्हणाली, "खेळ असेल काहीतरी."

पुढच्या आठवड्यात खेळ वाढला. मी आंघोळीचा टॉवेल शोधत आतल्या खोलीत गेलो, तर खारू तो डोक्यावरून घेऊन पलंगाशेजारी गुडघे टेकून बसली होती. तिने कपाळ जमिनीला लावलं, उठली, पुन्हा लावलं. माझा आवाज चढला.

"कोणी शिकवलं हे?"

ती दचकली. टॉवेल खाली पडला.

"बाईंनी शिकवलं?"

"तुला नाही सांगायचं," ती म्हणाली. "तू रागावतोस."

"मी रागावत नाहीये."

"हे बघ, रागावतोयस."

त्या रात्री आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ती आपल्या अंथरुणात भिंतीकडे तोंड करून झोपली, एरवी मला ढकलून माझ्या कुशीत शिरते. मला ते फार लागलं. पोटच्या पोरीने पाचव्या वर्षी बापापासून लपवायला सुरुवात केली, तर पंधराव्या वर्षी काय करेल?

आता माझं म्हणणं काय ते सांगतो, म्हणजे उगाच मला कोणी कर्मठ ठरवायला नको. आमच्या घरात देवाधर्माचं फारसं काही होत नाही. माझी आई होती तोवर ती करायची. ती गेल्यावर तिचं ते सगळं एका कापडात बांधून मी कपाटावर ठेवलंय, आणि काढू एकदा, काढू एकदा म्हणत राहिलोय. पण आमची जागा रिकामी दिसली म्हणून तिथे कोणीही येऊन आपलं सामान मांडावं, हे मला चालणार नाही. मोठ्या माणसाला काय हवं ते सांगा, त्याला नको म्हणता येतं. पाच वर्षांच्या पोराला नको म्हणता येत नाही. त्याच्या डोक्याला अजून कडीच नसते. त्याच्यात काही घालायचं असेल तर आधी आईबापांना विचारायला हवं, आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

"मग सरळ जाऊन बाईंना विचार," बायको म्हणाली.

"विचारलं की सावध होतील."

"चोर आहेत का त्या?"

"ते बघितल्यावर कळेल."

तिने कपाळाला हात लावला आणि उशी घेऊन वळली.

शाळेत माझं जाणं-येणं नव्हतं. आम्ही दोघंही सकाळी कामाला जातो. खारूला सोडणं-आणणं कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानाची मालकीण करते, तिचा मुलगा त्याच वर्गात आहे. म्हणून मी आधी तिच्याकडे खडा टाकून पाहिला. पाव घेता घेता सहज म्हणावं तसं म्हणालो, "बालवाडीत हल्ली बरंच काय काय शिकवतात म्हणे. दुसऱ्यांचे देव वगैरे."

"हो ना," ती पाव कापता कापता म्हणाली. "ते गुरुवारचं. माहितीये की आम्हाला. छान चाललंय."

"तुमची हरकत नाही?"

"त्यात हरकत काय घ्यायची? बाई चांगल्या आहेत." आणि मग माझ्याकडे जरा रोखून बघत म्हणाली, "का हो, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत आहे, माहीत आहे," मी म्हणालो.

दुकानातून बाहेर पडताना माझी खात्री पटली, ही फितूर आहे. जिला एवढं सगळं माहीत आहे आणि तरी जिचा हात पाव कापताना थरथरत नाही, तिला बाईंनी आधीच आपल्या बाजूला वळवलं असणार. ती कशी वळली, कधी वळली, हे मी विचारलं नाही. आपल्याला काय माहीत नाही ते समोरच्याला कळू द्यायचं नाही, हा धंद्यातला पहिला नियम.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो, बाईंना एकदा पाहून घ्यायला. बाई म्हणजे अगदी तरुण मुलगी निघाली. बारीक अंगाची, खांद्याला कापडी पिशवी, बाहीला खडूची पांढरी पूड. मुलं तिच्या पिशवीला लोंबकळत होती आणि त्यात माझी खारू सगळ्यात पुढे. माझ्या दोन्ही खांद्यांवर बसली तरी जी पोरगी एवढी हसत नाही, ती तिथे खिदळत होती. आणि बाईंचा चेहरा मी कुठेतरी पाहिला होता. कुठे ते आठवेना. नाक मोठं, कपाळ पुढे आलेलं, असं काहीतरी डोळ्यांसमोर येत होतं, आणि इथे तर नाक साधं, कपाळ साधं. मला न आठवणारी ओळख अजिबात आवडत नाही. माझा संशय दुप्पट झाला.

मग मी माझी हत्यारं काढली. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, जाऊन भेटलो आणि म्हणालो, पालक म्हणून शाळेसाठी काही करावंसं वाटतं, दारांची कुलपं बघून देतो, पैसे नकोत. मोठ्या बाई इतक्या खूश झाल्या की मला क्षणभर वाईट वाटलं. त्यांनी स्वतःच सांगितलं की बालवाडीच्या व्हरांड्यातलं दार कधीपासून अडकतंय. "कधी येता?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "गुरुवारी येतो."

गुरुवारी मी त्या दारासमोर गुडघ्यांवर बसलो. कुलपात काही दोष नव्हता, खटक्यात कचरा साचला होता, दहा मिनिटांचं काम. मी ते सावकाश करायला घेतलं. दाराला वर काच होती. खालचा अर्धा भाग दुधी, वरचा स्वच्छ. गुडघ्यांवर जरा ताठ झालो की डोळे स्वच्छ काचेपर्यंत पोचायचे. आवाज मात्र आतून येत नव्हता.

वर्गात जमिनीवर खडूने घर आखलं होतं. दारासाठी एक जागा मोकळी सोडलेली. मुलं रांगेने त्या जागेतून आत जायची. एका वेळी एक मूल पुढे उभं राहून काहीतरी करून दाखवायचं आणि बाकीची सगळी तसंच करायची, बाईसुद्धा. पहिल्यांदा सगळ्यांनी चपला काढल्या आणि गुडघे टेकले. हे मला माहीत होतं. मग कपाळ जमिनीला लावलं. हेही घरी पाहिलं होतं. मग एका मुलाने सगळ्यांना नुसतं गप्प बसवलं, डोळे मिटून, पाठ ताठ करून. बालवाडीची वीस-पंचवीस पोरं एवढा वेळ गप्प बसतात हे पाहून मलाच कसंसं झालं. माझी एकटी खारू मला दोन मिनिटं गप्प बसवता येत नाही.

आणि मग शेवटी ते सुरू झालं.

पुढे कोण उभं होतं ते कपाटाच्या आड गेल्याने मला दिसत नव्हतं. मला दिसत होत्या बाकीच्यांच्या पाठी. सगळी मुलं एकदम खाली वाकली आणि चवड्यांवर चालायला लागली. एकाही पोराचं पाऊल वाजत नसावं. सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग एकेकाने मुठीची नळी करून ती एका डोळ्याला लावली, दुसरा डोळा मिटला, आणि मान पुढे काढून सगळी तशीच स्थिर उभी राहिली. कशाकडे बघत होती कोण जाणे, समोर नुसती भिंत होती. मग सगळी मिळून मागे सरकली आणि शेजारच्याच्या कानात काहीतरी पुटपुटली. शेवटी सगळ्यांनी हात पुढे करून हवेत गोल गोल फिरवला आणि झटक्याने मागे ओढला. बाईंनीही ओढला. त्या हसत नव्हत्या. डोळ्याला मूठ लावून, मान पुढे काढून त्या त्या पोरांच्या मध्ये उभ्या होत्या, आणि मला ते पाहून घाम फुटला.

मी आयुष्यात पुष्कळ घरं आतून पाहिली आहेत. कुलूप बसवायला गेलं की माणसं काय काय करतात ते दिसतं. पण हा प्रकार मी कुठल्याच घरात पाहिला नव्हता. हा कुठला पंथ? एका डोळ्याने काय बघायचं असतं? पुटपुटायचं काय असतं? आधीचे तीन प्रकार म्हणजे वरवरचा देखावा आणि खरी शिकवण ही, एवढं माझ्या लक्षात आलं. मी घाईघाईने खटका बसवला आणि हत्यारं गोळा केली. एक स्क्रू तिरका बसला होता, तो तसाच राहू दिला.

शुक्रवारी सकाळी मी मोठ्या बाईंच्या खोलीत तक्रार घेऊन उभा होतो. कुलपाबद्दल त्या आभार मानायला लागल्या तशी मी त्यांना थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं. टॉवेल, तळहात, खडूचं घर, चवड्यांवरची रांग. काहीच मागे ठेवलं नाही.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गुरुवारचा तास मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मीच परवानगी दिली. पण पालकांना विचारूनच करायचं, ही माझी अट होती. तुम्हाला विचारलेलं नाही?"

"नाही."

"नक्की?"

"पोरीची शपथ."

त्यांचा चेहरा उतरला. "मग ऐका. बाईंची नेमणूक अजून कच्ची आहे. तुमची तक्रार राहिली तर पुढच्या आठवड्यापासून मला त्यांना ठेवता येणार नाही. मुलगी गुणाची आहे, पण अट ती अट. आधी त्यांना समोर बोलावते. चालेल?"

"बोलवा," मी म्हणालो. मला खारू पिशवीला लोंबकळताना आठवली. मी ती आठवण बाजूला सारली.

बाई आल्या. मला पाहून त्यांनी ओळखीचं हसायला सुरुवात केली आणि माझा चेहरा पाहून थांबल्या. मोठ्या बाईंनी थोडक्यात सांगितलं. बाई उभ्या राहिल्या. हाताची बोटं एकमेकांत अडकवून, शिक्षा मिळालेल्या मुलासारख्या.

"ते कपाळ टेकवणं, ते तळहात, ते मी समजू शकतो," मी म्हणालो. मोठ्या मनाने बोलतोय असं मला वाटत होतं. "ते निदान जगात कुठेतरी करतात. पण शेवटी जे केलंत, तो प्रकार कुठला? ते कोणाचं आहे? तुमच्या घरचं?"

"कुठला प्रकार?" बाईंनी विचारलं.

"कुठला म्हणजे? मी पाहिलाय काचेतून."

आणि त्यांना आठवण करून द्यावी म्हणून मी करून दाखवायला लागलो. खोलीच्या मधोमध गेलो. चवड्यांवर उभा राहिलो. ओठांवर बोट ठेवलं. मूठ डोळ्याला लावली, दुसरा डोळा मिटला, मान पुढे काढली. दोन पावलं मागे सरकलो. मग हात पुढे केला आणि हवेत फिरवला. एक आटा, दुसरा आटा, तिसरा आटा. चौथ्याला हात फिरला नाही. आपोआप थांबला, मूठ वळली, आणि मागे ओढून बघायला गेला.

तिथेच मी तसाच उभा राहिलो.

गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळी हा हात हेच करत आलाय. पण मी स्वतःला पाठीमागून कधी पाहिलं नव्हतं. माणूस दाराला डोळा लावून उभा असतो तेव्हा तो बाहेर बघत असतो.

"ते खारूचं घर होतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "काल तिची पाळी होती."

मोठ्या बाई एकदा बाईंकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होत्या. मी हात खाली घेतला.

"मी मुलांना धर्म कुठला म्हणून विचारत नाही," बाई सांगायला लागल्या. "त्यांना ते कळत नाही. मी विचारते, तुमच्या घरात सगळे मिळून, रोज, न चुकता, गप्प होऊन काय करतात? मग ती सांगतात. कोणी जेवणाआधीचं सांगतं, कोणी झोपण्याआधीचं. खारू पहिल्यांदा म्हणाली की आमच्याकडे काही नाही. बरेच आठवडे हेच म्हणत होती. मग काल आपण होऊन उठली आणि म्हणाली, आमच्याकडे पण आहे. मला वाटलं, तुमच्याकडचं असेल काहीतरी, मला माहीत नसलेलं. म्हणून मीही नीट केलं. मुलांना ते सगळ्यात जास्त आवडलं. पुन्हा करू म्हणाली."

माझे कान तापले. पण मी हार मानणाऱ्यातला नाही. "ते असू दे," मी म्हणालो. "तुम्ही मला विचारलं नव्हतं. तो मुद्दा राहतोच."

"मी आले होते," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"तुमच्या घरी. सगळ्यांच्या घरी गेले होते, वर्ष सुरू झालं तेव्हा. चिठ्ठी पाठवली की लोक न वाचता सही करतात, म्हणून मला समोर बसून सांगायचं होतं. तुमच्याकडे दोनदा आले. घंटी वाजवली की आतला टीव्ही बंद व्हायचा. मग दाराच्या भिंगातला उजेड जायचा."

घरात दिवा असला की भिंग बाहेरून ठिपक्यासारखं उजळ दिसतं, आणि आतून कोणी डोळा लावला की काळं होतं. हे मला कोणी शिकवायला नको. त्यासाठी आतून लावायची झाकणी मीच गिऱ्हाइकांना विकतो आणि विकताना हेच सांगतो. आमच्या दाराला मी ती बसवलेली नाही, राहूनच गेलंय. आणि मग मला तो चेहरा आठवला. मोठं नाक, पुढे आलेलं कपाळ, भिंगात सगळ्यांचंच तसं दिसतं. खांद्याला कापडी पिशवी. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, काहीतरी विकायला आलीय. खारू मागून माझी विजार ओढत होती. कोण आहे, कोण आहे बाबा, म्हणून. आणि मी काय सांगितलं तेही आठवलं.

"मग दार उघडलं नाही म्हणजे माझा होकार झाला का?" मी विचारलं. आवाज पूर्वीसारखा निघाला नाही.

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला विचारल्याशिवाय खारूला घ्यायला नको होतं. पण मग दर गुरुवारी सगळी मुलं खडूच्या घरात आणि ती एकटी बाकावर, हे माझ्याने बघवलं नाही. पहिल्या गुरुवारी बसवलं होतं तिला बाकावर. दुसऱ्यांदा नाही बसवता आलं. ते माझं चुकलंच."

त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या रडल्या नाहीत. मोठ्या बाईंनी मला विचारलं, "मग तुमची तक्रार ठेवायची का?"

खरं सांगतो, मला माझी तक्रार अजूनही बरोबर वाटत होती. विचारायला हवं म्हणजे हवं. फक्त त्या तक्रारीवर उभं राहायला आता मला जागा उरली नव्हती.

"सोमवारपर्यंत तशीच राहू द्या," मी म्हणालो. "बाई, उद्या संध्याकाळी घरी या. समोर बसून विचारा. मग मी काय ते सांगतो."

"दार उघडाल?" बाईंनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"उघडेन."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मोठ्या बाईंच्या खोलीत मी चवड्यांवर उभा होतो, हे तिने मला दोनदा सांगायला लावलं. मग तिचं हसू ओसरलं आणि ती कपाटावरच्या त्या बांधलेल्या कापडाकडे बघत बसली.

"खारूला घरातलं विचारलं आणि तिने दार दाखवलं," ती म्हणाली.

"हो ना."

"तिला भीती वाटते का रे? घंटीची?"

"छे. तिला खेळ वाटतो," मी म्हणालो. पण मला नक्की माहीत नव्हतं, आणि विचारावं असंही वाटेना.

शनिवारी मी दुकान लवकर बंद केलं. बैठकीची खोली आवरली, चार खुर्च्या मांडल्या, एक काढून ठेवली, पुन्हा आणली. बायकोने चहाची भांडी काढली. मनाशी ठरवलं होतं की घंटी वाजली की भिंगाला डोळा न लावता सरळ दार उघडायचं. बाईंना काय उत्तर द्यायचं तेही ठरलं होतं. हो म्हणायचं, पण लगेच नाही, जरा वेळ घेऊन. माणसाने थोडा तरी मान राखावा. खारूला मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. बाईंना एकदम दारात पाहून ती कशी नाचेल, ते मला बघायचं होतं. टॉवेलच्या दिवसापासून ती माझ्याशी तोलूनमापून बोलत होती.

घंटी वाजली.

मी उठेपर्यंत टीव्ही बंद झाला होता. मी बंद केला नव्हता. खारू चवड्यांवर दाराशी पोचलीसुद्धा. तिथलं ठोकळ्याचं स्टूल तिने आवाज न करता सरकवलं आणि त्यावर चढून भिंगाला डोळा लावला. ह्याआधी मी तिला कधी भिंगापर्यंत जाऊ दिलं नव्हतं. स्टूल कुठे ठेवायचं हे तिला कसं कळलं कोण जाणे. माझ्या नकळत सरावाने कळलं असणार.

मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. आता ती 'बाई!' म्हणून ओरडेल, अशी वाट बघत होतो.

तिने खूप वेळ पाहिलं. तिची पाठ जराही हलली नाही. बाहेरून भिंग आता काळं दिसत असेल, हे मला कळत होतं, आणि बाहेर जी उभी होती तिलाही कळत होतं.

"कोण आहे गं?" मी विचारलं.

तिने बोट ओठांवर ठेवलं. ती स्टुलावरून उतरली. दोन पावलं मागे आली, माझी बाही ओढून मला खाली वाकवलं, आणि कानाशी तोंड आणून शहाण्यासारखं, काळजी घेतल्यासारखं म्हणाली,

"कोणी नाही."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती, थट्टाही करत नव्हती. तिने बाईंना ओळखलं होतं. ओळखलं तेव्हा तिचे गाल फुगले होते, ते मी मागूनही पाहिले होते. पण बाई शाळेत. घरात घंटी वाजली की कोणी नसतं.

बायको चहाचं भांडं हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाहेर दुसरी घंटी वाजली नाही. मग जिन्यावर पावलं ऐकू आली, खाली उतरणारी.

"आम्ही घरात आहोत," मी बंद दारातून मोठ्याने म्हणालो. त्या दारातून असा आवाज आजवर कधी बाहेर गेला नव्हता. "बाई, थांबा. घरात आहोत आम्ही."

खारूने माझा शर्ट मुठीत पकडला आणि ती मला मागे ओढायला लागली. तिच्या अंगात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. मी एका हाताने तिचं डोकं जवळ धरलं आणि दुसऱ्या हाताने कडी काढायला लागलो. मग वाकून खालचा बोल्ट. मग कुलपाचा एक आटा, दुसरा आटा. कुलूप मीच बसवलं होतं, चांगलं बसवलं होतं, आणि ते घाईने उघडत नाही.